भाषेची पाठराखीण

संगणकाला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारून पाहा. पायथन या भाषेत विचारलीत तर उत्तर येईल ०.३०००००००००००००००४. चौथीतलं पोर असं उत्तर घेऊन आलं तर बाई त्याला पाटी पुसायला लावतील. खरं तर यात पायथनचा एकटीचा दोष नाही. एक तृतीयांश जसा दशांशात पुरता मावत नाही, तसाच आपला ०.१ यंत्राच्या द्विमान पद्धतीत मावत नाही. कुठेतरी तोडावा लागतो आणि तोडला की असं शेपूट उरतं.

एबीसी नावाच्या भाषेत मात्र ही बेरीज अचूक ०.३ यायची. ती भाषा अशी संख्या अंश आणि छेद सांभाळून ठेवायची, त्यामुळे तोडण्याचा प्रश्नच नव्हता. आज एबीसी कोणी वापरत नाही, आणि पायथनवाचून जगाचं पान हलत नाही. शिवाय पायथन लिहिणारा माणूस एबीसीच्याच तालमीत तयार झालेला. पायथन यशस्वी का झाली, हे एबीसी का बुडाली याच्याकडे पाहिल्याशिवाय नीट कळत नाही.

एबीसी घडली ती अ‍ॅमस्टरडॅममधल्या सीडब्ल्यूआय या गणित आणि संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेत. लॅम्बर्ट मेर्टेन्स, लिओ ख्यूर्ट्स आणि स्टीव्हन पेम्बर्टन हे तिचे कर्ते. बेसिक ही त्या काळी नवख्यांची भाषा होती, आणि ती नवख्यांना वाईट सवयी लावते असं या मंडळींचं मत होतं. मग नवख्यांसाठीच एक चांगली भाषा का करू नये? त्यांनी ती फार मनापासून केली. कंसांची भेंडोळी नको म्हणून ओळ थोडी आत सरकवली की ती वरच्या ओळीच्या पोटातली, असा नियम केला. वरच्या ओळीच्या शेवटी कोलन असला की वाचणाऱ्याला पुढचं चटकन कळतं, हेही त्यांनी प्रयोग करून ठरवलं. संख्या कितीही मोठी चाले. यादी, तक्ता असे मोजके पाच प्रकार, आणि सगळे नीट एकमेकांत बसणारे. भाषा कशी असावी याचा विचार माणसाच्या बाजूने करणारे लोक तेव्हा थोडे होते, हे त्यातले.

पण एबीसी म्हणजे सोवळ्यातलं स्वयंपाकघर होतं. आत सगळं स्वच्छ, जागच्या जागी. बाहेरच्या वस्तूला मात्र शिवता येत नसे. संगणकावरची एखादी साधी फाइल उघडून वाचायची तर पंचाईत. दुसऱ्या कोणी लिहिलेला तुकडा आणून जोडायचा तर दारच नाही. भाषेत काही कमी असेल तर ते फक्त तिच्या कर्त्यांनीच घालायचं, वापरणाऱ्याने नाही. शिकणाऱ्याला पहिला आठवडा फार सुखाचा जाई. दुसऱ्या आठवड्यात त्याला काहीतरी खरं काम करावंसं वाटे, आणि तिथे वाट संपे.

खिडो व्हान रॉसम हा तरुण या गटात काही वर्षं काम करत होता. एबीसीचं काम थांबल्यावर तो अमीबा नावाच्या दुसऱ्या प्रकल्पावर गेला. अनेक संगणक एकत्र बांधून त्यांचा एकच संगणक भासवणारी ती प्रणाली होती. तिच्यासाठी किरकोळ कामाची शंभर साधनं लिहायची होती. सी भाषेत लिहावीत तर प्रत्येकाला आठवडे लागणार, आणि हुकूम घेणारी नेहमीची शेल अमीबाच्या आतपर्यंत पोचत नव्हती. १९८९ च्या नाताळात कचेरी बंद होती, घरी संगणक होता, हाताला काम हवं होतं. त्याने एबीसीतलं आवडलेलं घेतलं, खटकलेलं टाकलं आणि नवी भाषा लिहायला घेतली. नाव ठेवलं ते मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळीवरून. सापाचा संबंध मागाहून चिकटला. फेब्रुवारी १९९१ मध्ये त्याने ती फुकट सगळ्यांपुढे ठेवली.

त्याने घेतलं काय? आत सरकवलेल्या ओळी, कोलन, हवी तेवढी मोठी पूर्ण संख्या, यादी आणि तक्ता. टाकलं काय? सोवळं. पायथनला फाइल उघडता येत होती, खालच्या यंत्रणेशी बोलता येत होतं आणि मुख्य म्हणजे सी भाषेत लिहिलेला कुठलाही तुकडा तिच्यात खिळ्यासारखा ठोकता येत होता. अचूक अपूर्णांकही त्याने जाता जाता टाकून दिले, कारण हिशेब लांबला की अंश-छेद फुगत जातात आणि यंत्र रेंगाळतं. म्हणून ते शेपटीवालं उत्तर. एबीसीत अशी तडजोड कोणी खपवून घेतली नसती.

आमच्या धंद्यात ‘चांगली भाषा कोणती’ हा वाद रात्रभर चालतो आणि सकाळी जिथल्या तिथे असतो. याचं कारण मला वाटतं ते असं, की या वादात दोन प्रश्न एकमेकांत कालवलेले असतात. भाषा चांगली आहे का हा एक प्रश्न. भाषा नांदेल का हा दुसरा. पूर्वी नवरीबरोबर सासरी पाठराखीण जायची. नवं घर, अनोळखी माणसं, आणि नवरीला पाणी कुठे, चूल कुठे हे विचारायला हक्काचं एक माणूस. नांदणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेबरोबर अशी एक पाठराखीण गेलेली असते. कधी ती एखादी यंत्रणा असते, कधी एखादं यंत्र, कधी दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या कोडाचं भांडार, म्हणजे लायब्ररी. नवरीच्या रूपगुणांची चर्चा सगळे करतात. पाठराखिणीचं नाव कोणी घेत नाही.

पाठराखीण नसलेल्या सुंदर भाषेचं सर्वांत मोठं उदाहरण अल्गॉल ६०. १९६० साली युरोप-अमेरिकेतल्या जाणत्यांच्या समितीने ती ठरवली. तिचं व्याकरण लिहिण्यासाठी बॅकस आणि नाउर यांच्या नावाने ओळखली जाणारी सूत्रपद्धत वापरली गेली. पाणिनीने याच जातीची पद्धत फार पूर्वी वापरली होती, तेव्हा नावात बॅकसच्या आधी पाणिनी घालावा, असं पीटर इंगरमन यांनी १९६७ मध्ये सुचवलंही होतं. आज वापरात असलेल्या बहुतेक भाषांच्या अंगात अल्गॉलचं रक्त आहे. पण तिच्या मूळ मसुद्यात माहिती आत कशी घ्यायची आणि उत्तर बाहेर कसं छापायचं याबद्दल एक अक्षर नव्हतं. ते ज्याने त्याने आपापल्या यंत्रावर पाहावं! हिशेब अप्रतिम, पण उत्तर छापायची सोय शेजाऱ्याकडे. ती विद्वानांत पुजली गेली आणि कारखान्यांत फोरट्रान चालत राहिली.

फोरट्रानची गोष्ट तशी सरळ आहे. १९५७ मध्ये ती आयबीएमच्या ७०४ या यंत्राबरोबर आली, ते यंत्रच तिची पाठराखीण. जॉन बॅकस यांच्या चमूपुढे खरी अडचण होती ती अविश्वासाची. तोवर लोक यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत हाताने आज्ञा लिहीत, आणि यंत्राने केलेलं भाषांतर आपल्या हातच्या कामाइतकं वेगवान असणारच नाही अशी त्यांची खात्री होती. म्हणून बॅकस यांनी भाषेच्या सौंदर्यापेक्षा भाषांतराच्या वेगावर जीव ओतला. सूत्र जवळपास वहीत लिहितो तसं लिहा, पंचकार्डावर ठोका, वेग मात्र हाताने लिहिल्यासारखाच मिळेल. वेग खरोखर मिळाला, आणि विरोध मावळायला फार काळ लागला नाही.

सीकडे येऊ, कारण इथे पाठराखीण इतकी ठळक आहे की नवरी कोण आणि पाठराखीण कोण हेच कळेनासं होतं. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची युनिक्स ही कार्यप्रणाली घडवत होते. सी ही त्या कामाच्या ओघात, गरजेपुरती वाढत गेलेली भाषा. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभाच सीत पुन्हा लिहिला गेला. तोवर असा गाभा यंत्राच्या आज्ञांत लिहायचा, आणि यंत्र बदललं की तो टाकून द्यायचा, अशी रीत होती. आता सीचा भाषांतरकार, म्हणजे कंपायलर, नव्या यंत्रावर नेला की मागोमाग युनिक्स नेता येऊ लागलं. त्यात एक कायद्याचा योग जुळला. एटी अँड टी ही बेलची मालक कंपनी; १९५६ मधल्या सरकारी तडजोडीमुळे तिला संगणकाच्या धंद्यात उतरायची बंदी होती. युनिक्स विकून पैसा करता येत नाही म्हटल्यावर ते विद्यापीठांना नाममात्र शुल्कात, मूळ कोडासकट, देऊन टाकलं गेलं. एका पिढीचे विद्यार्थी युनिक्सचा कोड वाचत वाढले, आणि तो कोड सीत होता. १९७८ मध्ये कर्निघन आणि रिची यांचं सीवरचं पुस्तक आलं, जेमतेम २२८ पानांचं. भाषा इतक्या पानांत संपते हीसुद्धा तिची ताकदच.

सी चांगली भाषा आहे का? स्वतः रिचींनाही तिचे दोष ठाऊक होते आणि त्यांनी ते मोकळेपणाने लिहून ठेवले आहेत. एक दोष जवळून पाहण्यासारखा आहे. सीमध्ये ‘आणि’ या अर्थाची दोन चिन्हं आहेत. एक एकेरी, &, आकड्यांचे बिट जुळवणारं. दुसरं दुहेरी, &&, ‘हे खरं आणि तेही खरं’ असं म्हणणारं. सुरुवातीला एकेरीच होतं आणि तेच दोन्ही कामं करी. १९७२ च्या सुमारास दुहेरी आलं. आता एकेरी चिन्हाचा अग्रक्रम बदलायला हवा होता. म्हणजे गुणाकार आधी, बेरीज मग, तसं बिट जुळवणं आधी आणि तुलना मग. तो बदलला नाही, म्हणून आजही सीत तुलना आधी होते आणि बिट नंतर जुळतात, आणि कंस विसरलेला प्रोग्रॅमर दुपारभर डोकं धरून बसतो. का बदलला नाही? रिचींनी कारण सांगितलं आहे. जुना कोड मोडला असता. तो जुना कोड किती होता? काही शे किलोबाइट, आणि यंत्रं होती तीन.

तीन यंत्रं! तेव्हा बदललं असतं तर तीन यंत्रांवरचा कोड एका आठवड्यात दुरुस्त झाला असता. आज पन्नास वर्षांनंतर अब्जावधी यंत्रांत ती चूक जशीच्या तशी आहे. आणि सीकडे पाहून आलेल्या सी प्लस प्लस, जावा, जावास्क्रिप्ट यांनीही ती घरच्या चालीसारखी उचलली.

खेड्यात याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: वहिवाट. कोणाच्या तरी बांधावरून चार माणसं चालत जातात, पाऊलवाट पडते, आणि काही वर्षांनी ती अडवायला गेलात तर कोर्टात तुम्हीच हरता. वाट कुठून जायला हवी होती हा प्रश्न मग निरर्थक असतो. भाषा नांदायला पाठराखीण लागते. नांदली की तिची वहिवाट होते, आणि वहिवाटीपुढे तिच्या निर्मात्याचंही चालत नाही.

जावास्क्रिप्ट हे या दोन्हींचं टोक. १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला नमुना दहा दिवसांत लिहिला. वेब पानांत थोडी हालचाल करणारी हलकीफुलकी भाषा हवी होती आणि ब्राउझरची पुढची आवृत्ती तोंडावर आली होती. जावाचा तेव्हा फार बोलबाला होता. जड कामं जावाने करायची आणि हिने तिच्या हाताखाली राहायचं, अशी योजना होती. दिसायलाही ती जावासारखी हवी असं वरून फर्मान होतं. आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट आणि वर्षअखेरीला जावास्क्रिप्ट, असं तिचं तीनदा बारसं झालं.

दहा दिवसांच्या घाईच्या खुणा अजून अंगावर आहेत. अवतरणातल्या ‘५’ मध्ये १ मिळवला तर उत्तर ५१, वजा केला तर ४. महिने शून्यापासून मोजायचे, म्हणजे जानेवारी शून्यावा आणि डिसेंबर अकरावा. दिवस मात्र १ पासून. ही महिन्यांची खोड जावाकडून आंदण आलेली आहे. दिवाळीची तारीख एक महिना पुढे दाखवणारं संकेतस्थळ केलेला प्रोग्रॅमर मला माहीत आहे. तो मीच.

आणि तरी ती जिंकली, कारण तिची पाठराखीण म्हणजे साक्षात ब्राउझर. जगातल्या प्रत्येक संगणकावर तो होता, आणि सगळ्या ब्राउझरांना कळणारी भाषा हीच एक होती. निवडीचा प्रश्नच नव्हता. गंमत पुढे आहे. वेब पानात जावाचे तुकडे चालवायची सोय मागे पडत गेली आणि २०१५ च्या आसपास मोठ्या ब्राउझरांनी ती काढूनच टाकली. म्हणजे नवरीने घर सोडलं, सर्व्हरवर आणि अँड्रॉइडवर दुसरीकडे छान संसार थाटला. आणि हाताखाली म्हणून आलेली आज इथलं सगळं घर चालवते आहे.

तिची वहिवाट किती घट्ट आहे ते २०१८ मध्ये दिसलं. यादीच्या आतल्या याद्या उलगडून सपाट करणारी एक सोय भाषेत घालायची होती, आणि तिला फ्लॅटन हे साधं नाव ठरलं होतं. लक्षात आलं की मूटूल्स नावाच्या एका जुन्या लायब्ररीने हेच नाव पूर्वी आपल्या पद्धतीने वापरलं आहे, आणि भाषेने ते घेतलं तर कोणीही न सांभाळलेली, वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली संकेतस्थळं मोडतील. मग वाद, थट्टा, भलतीसलती पर्यायी नावं. शेवटी नाव पडलं फ्लॅट. मागचा एकही उंबरठा न मोडता पुढची खोली बांधायची, हा त्या भाषेचा अलिखित नियम आहे. मला तो हास्यास्पद वाटत नाही. वीस वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेलं पान आज उघडलं तरी चालतं, ही सोय किती तंत्रज्ञानांत मिळते?

पैसा किंवा सरकारी हुकूम पाठराखीण होऊ शकतो का? कोबॉलला अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा आधार मिळाला आणि ती बँका, विमा, पगारपत्रकं यांत अशी मुरली की २०२० च्या साथीत न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबॉल येणाऱ्यांना जाहीर साद घालावी लागली. त्याच खात्याने नंतर अ‍ॅडा ही भाषा करवून घेतली. कोबॉलपेक्षा कितीतरी विचारपूर्वक घडवलेली. तिच्या मानकाला क्रमांक दिला १८१५, अ‍ॅडा लव्हलेसचं जन्मवर्ष. खात्याच्या कामात तीच वापरायची अशी सक्तीही झाली, आणि १९९७ मध्ये ती सक्ती मागे घ्यावी लागली. विमानांत, रेल्वेच्या यंत्रणांत अ‍ॅडा आजही आहे, पण कॉलेजातल्या पोराच्या टेबलावर ती कधी पोचली नाही. तिचे कंपायलर महाग, आणि त्यांना यंत्रंही दांडगी लागत. नेमकं १९८३ मध्ये, अ‍ॅडाचं मानक ठरलं त्याच वर्षी, बोरलँड कंपनीने टर्बो पास्कल ५० डॉलरला पाच सेंट कमी अशा किमतीत विकायला काढलं. लिहा, कळ दाबा, क्षणात चालवा, चूक दिसली की पुन्हा लिहा, सगळं एकाच पडद्यावर. त्याच घराण्यातलं टर्बो सी भारतात आलं, आणि इथे माझ्या पिढीतल्या कोणत्याही मराठी इंजिनिअरच्या डोळ्यांपुढे एक निळा पडदा उभा राहील.

तो पडदा, पिवळी अक्षरं. आमच्या लॅबमध्ये एका यंत्रावर तिघं. पहिली ओळ पाठ, दुसरीत कोनिओ डॉट एच, मग व्हॉइड मेन, मग पडदा पुसायला सीएलआरएससीआर, आणि सगळ्यात शेवटी गेटसीएच. ते नसलं तर उत्तर चमकून दिसेनासं व्हायचं, निळा पडदा परत यायचा, आणि ‘सर, आउटपुटच येत नाही’ अशी आरोळी उठायची. कंट्रोल-एफ-नाइन दाबलं की चालतो, ऑल्ट-एफ-फाइव्ह दाबलं की उत्तर दिसतं, हे ज्ञान सीनियरकडून ज्युनियरकडे मंत्रासारखं जायचं. यातलं कोनिओ, सीएलआरएससीआर, गेटसीएच हे सी भाषेत नाहीच. ते बोरलँडचं. प्रमाणित सीमध्ये मेनच्या आधी व्हॉइड नव्हे, इंट येतो. आम्ही सी शिकत नव्हतो, सीची बोरलँडी बोली शिकत होतो, आणि हे पहिल्या नोकरीत कळायचं.

आश्चर्य वेगळंच आहे. सी प्लस प्लसचं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक १९९८ मध्ये आलं; आमचं टर्बो सी प्लस प्लस त्याच्याही आधीचं. नव्या ६४ बिटांच्या विंडोजवर ते चालेनासं झालं, तर कॉलेजांनी जुन्या डॉसचं सोंग आणणारा प्रोग्रॅम शोधला, त्याच्या पोटात टर्बो सी बसवलं आणि निळा पडदा पुन्हा लावला. कारण सरांच्या नोट्स त्यात होत्या, मागच्या वर्षीची जर्नलं त्यात होती, प्रॅक्टिकलच्या स्लिपा त्यात होत्या, आणि एक्सटर्नलही तेच शिकून आलेले होते. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ तर भारतभर वसतिगृहांत गादीखाली सापडायचं. न घाबरवता सी शिकवणारं पुस्तक हाताशी असणं हीसुद्धा भाषेची पाठराखीणच. वहिवाट कशी पडते हे मी पुस्तकात नंतर वाचलं. तिच्यावरून चाललो आधी.

आता पायथनकडे परत. ती १९९१ मध्ये आली, पण तिचं आजचं राज्य नाताळातल्या त्या आठवड्यात ठरलं नव्हतं. ते ठरलं सीचा तुकडा ठोकता येण्याच्या त्या सोयीत. १९९५ च्या सुमारास काही शास्त्रज्ञांना वाटलं की मोठमोठ्या आकड्यांची कोष्टकं या भाषेत हाताळता आली तर बरं. पायथन स्वतः संथ; पण कोष्टकाचं जड काम सीकडे आणि जुन्या फोरट्रानकडे सोपवायचं, पायथनने फक्त हुकूम सोडायचे. जिम ह्युगुनिन यांनी तशी लायब्ररी लिहिली. तिच्याच वंशात ट्रॅव्हिस ऑलिफंट यांचं नमपाय आलं. मग आलेख काढणारी, तक्ते चाळणारी, शिकणारी यंत्रं घडवणारी अशी एकेक लायब्ररी येत गेली. प्रत्येक नवी लायब्ररी आधीच्यांच्या शेजारी राहायला आली, आणि शेजार चांगला म्हणून पुढचे आले.

या शेजाराचं वजन किती? टॉर्च हे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधकांचं आवडतं साधन लुआ भाषेतून वापरावं लागे. लुआ ब्राझीलमध्ये, रिओच्या एका विद्यापीठात, १९९३ मध्ये जन्मलेली. छोटी, चपळ, देखणी. माझं मत विचाराल तर पायथनपेक्षा नेटकी. पण संशोधकांचं बाकीचं सगळं सामान पायथनमध्ये होतं. २०१७ च्या सुरुवातीला टॉर्चचा नवा अवतार पायटॉर्च म्हणून आला आणि लुआची वाट हळूहळू ओस पडली. लुआत काही बिघडलं नव्हतं.

पायथननेही एकदा वहिवाट मोडून पाहिली. जुन्या पायथनमध्ये मजकूर म्हणजे बाइटांची माळ होती आणि इंग्रजीखेरीज दुसरं काही आलं की ती अडखळे. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह प्रचलित पद्धतीत तीन बाइट घेतं, आणि त्यातला पहिला नेहमी एकच असतो, दशमानात २२४. हा बाइट उलगडता येत नाही अशी लाल अक्षरांतली तक्रार मराठी मजकुरावर काम करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेली आहे. ही आणि अशी आणखी काही दुखणी मुळातून काढायची म्हणून डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आली, आणि जुना कोड तिच्यावर जसाच्या तसा चालेना. लोक हलले नाहीत. वर्षामागून वर्षं दोन पायथन शेजारी शेजारी नांदत राहिल्या. जुनीचा आधार अखेर १ जानेवारी २०२० ला काढून घेतला गेला. अकरा वर्षं लागली, तीही सगळ्या लायब्रऱ्या एकेक करून पलीकडे नेल्यावर.

एक छोटी परीक्षा मी भेटेल त्या भाषेची घेतो. ‘पुणे’ या शब्दात अक्षरं किती? आपण म्हणू दोन. सीची नेहमीची मोजणी म्हणते बारा, कारण ती बाइट मोजते. जुनी पायथनही बारा म्हणायची. नवी पायथन म्हणते चार: प, उकार, ण, मात्रा. जावास्क्रिप्टही चारच म्हणते. दोन म्हणते ती स्विफ्ट, २०१४ मध्ये अ‍ॅपलने आणलेली; उकार आणि मात्रा आपल्या अक्षराला धरूनच मोजायच्या, हे तिच्या मुळातच घातलेलं आहे. स्विफ्ट आता मुक्त आहे, लिनक्सवरही चालते, पण ती मुख्यतः वापरली जाते ती आयफोन आणि मॅकसाठी. बाकी जगाची कामं बारा आणि चार म्हणणाऱ्या भाषांत चालू आहेत.